आज गरम टोस्ट, माझ्यासाठी!

आमच्या घरी ब्रेड यायचा तो कुणाला ताप आला की. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात पाव आणला. पाव खाल्ला की माणूस बाटतो, अशीही समजूत एके काळी होती. मला मात्र ब्रेड भारी आवडतो!

बचत गटाची मीटिंग आटोपून कल्याणहून डोंबिवलीला परतायला रात्र होते. सगळ्यांना गरम पोळ्या वाढायच्या आणि आपण उरलंसुरलं गार खायचं, हे आपल्या अंगवळणीच पडलंय ना? परवा ठरवलं, आज स्वतःसाठी गरम करायचं.

टोमॅटोच्या बिया काढून बारीक चिरा. कांदा, मिरची, कोथिंबीर घाला. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटून ब्रेड भिजतो. तव्यावर तूप सोडून स्लाइसची एक बाजू भाजा, उलटा, भाजलेल्या बाजूवर टोमॅटो पसरा आणि खालची बाजू कुरकुरीत होऊ द्या. ब्रेड ब्राऊन दिसला म्हणजे गव्हाचा, असं नाही हं! पाकिटावरच्या घटकांत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं हवं.

सासूबाई दारातून बघत होत्या. "बरं नाही का गं?"

"बरी आहे आई, भूक लागलीय."

क्षणभर थांबून म्हणाल्या, "मग मलाही एक दे."