कॅमेऱ्याचे वजन नेमके कशाचे?

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी एक बरा कॅमेरा घ्यायचे ठरले, की पैसे जमण्याआधीच वाद सुरू होतो. एक शिक्षक म्हणतात, "घ्यायचाच तर व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात तसा 'फुलफ्रेम' घ्या. पुन्हा पुन्हा खर्च नको." दुसरे म्हणतात, "ते ओझे मुलांच्या हाती कोण देणार? हल्ली आरसा नसलेले छोटे कॅमेरे मिळतात, तसा घ्या." दोघांचे म्हणणे खरे वाटते. देणगीचे पैसे एकदाच मिळतात आणि घेतलेली वस्तू आठदहा वर्षे वापरावी लागते. त्यामुळे जाहिरातीतली विशेषणे बाजूला ठेवून, आठवी-नववीतल्या प्रकाशाच्या धड्याच्या आधाराने हा प्रश्न सोडवता येतो का ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे 'फुलफ्रेम' आणि 'आरसारहित' हे एकमेकांविरुद्धचे प्रकार नाहीतच. फुलफ्रेम म्हणजे प्रकाश टिपणारा संवेदक ३६ मिमी × २४ मिमी आकाराचा असणे. हे माप फिल्मच्या काळातले आहे. जर्मनीतल्या लाइट्स कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बारनाक याने १९१३-१४ च्या सुमारास चित्रपटाची ३५ मिमी रुंदीची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा बनवला. चित्रपटाची चौकट २४ × १८ मिमीची असे. त्याने ती दुप्पट केली. १९२५ मध्ये तोच कॅमेरा 'लायका' या नावाने बाजारात आला आणि ते माप जगभर रुळले. त्या काळी मोठ्या काचपट्ट्या वापरणारे छायाचित्रकार या चिमुकल्या चौकटीला हसत असत. आज त्याच चौकटीला आपण 'फुल' म्हणतो, ही गंमतच आहे.

आरशाचा प्रश्न वेगळा. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे ४५ अंशांत एक आरसा असे. तो प्रकाश वर पंचकोनी लोलकाकडे पाठवी आणि भिंगातून दिसणारेच दृश्य आपल्याला सुलट दिसे. बटण दाबले की आरसा खटकन वर जाई. या आरशाला हलायला जागा हवी, म्हणून निकॉनच्या अशा कॅमेऱ्यांत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर ठेवावे लागे. संवेदकावरचे चित्र थेट छोट्या पडद्यावर दाखवता येऊ लागल्यावर आरशाची गरज उरली नाही. २००८ मध्ये पॅनासोनिकने लहान संवेदकाचा आरसारहित कॅमेरा काढला, तर २०१३ मध्ये सोनीने फुलफ्रेम संवेदकाचा. सोनीचा २०२० चा ए७सी फुलफ्रेम असूनही सुमारे ५०९ ग्रॅमचा आहे, आणि निकॉनचा २०२१ चा झेड ९ आरसा नसूनही सुमारे १३४० ग्रॅमचा. तेव्हा आरसा आहे की नाही यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. खरा प्रश्न संवेदकाच्या आकाराचा आहे.

तुलनेसाठी ऑलिंपसच्या छोट्या कॅमेऱ्यांचा संवेदक घेऊ. तो १७.३ × १३ मिमीचा असतो. त्याचे क्षेत्रफळ २२५ चौ. मिमी, तर फुलफ्रेमचे ८६४ चौ. मिमी, म्हणजे जवळजवळ चौपट. या चौपटीने काय फरक पडतो?

आता एक प्रयोग करा. वर्गाची एकच खिडकी उघडी ठेवा. समोरच्या भिंतीजवळ पांढरा कागद धरून भिंगाने त्यावर खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा पाडा. मग तो कागद काढून त्याच जागी पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा धरा. झाडाची प्रतिमा मोठी झाली का? नाही. ती तेवढीच राहिली, फक्त कडेचा भाग तुकड्याबाहेर गेला. छोट्या संवेदकाचेही असेच आहे. चंद्राचा कोनीय व्यास साधारण अर्धा अंश. ३०० मिमी नाभीय अंतराचे भिंग त्याची सुमारे २.७ मिमी व्यासाची प्रतिमा पाडते, मग मागे संवेदक कोणताही असो. २४ मिमी उंचीच्या चौकटीत हा चंद्र उंचीच्या नवव्या भागाएवढा असतो, १३ मिमीच्या चौकटीत पाचव्या भागाएवढा. दोन्ही छायाचित्रे सारख्या आकारात छापली, की छोट्या कॅमेऱ्यातला चंद्र दुप्पट मोठा दिसतो. "छोट्या कॅमेऱ्यात ३०० चे भिंग ६०० चे होते" असे जे सांगतात, त्यात एवढेच तथ्य आहे. भिंग आहे तेच राहते.

मग मोठ्या संवेदकाचा फायदा काय? तो समजून घ्यायला पावसाचे पहिले थेंब पडताना अंगणातल्या शहाबादी फरशीकडे बघा. सगळीकडे पाऊस सारखाच असतो, तरी एका फरशीवर सात थेंब, शेजारच्या फरशीवर बारा. सरासरी ९ थेंब असतील, तर √९ म्हणजे सुमारे ३ थेंबांचा चढउतार सहज होतो. हा तेहेतीस टक्के फरक झाला. सरासरी १०० थेंब पडले तर चढउतार सुमारे १० थेंबांचा, म्हणजे दहा टक्के. थेंब जितके जास्त, तितकी फरशी एकसारखी भिजलेली दिसते. प्रकाशही फोटॉन या कणांनीच येतो आणि त्यांचे पडणेही असेच बेभरवशाचे असते. अंधुक प्रकाशात काढलेल्या छायाचित्रातले रवाळ ठिपके मुख्यत्वे यातूनच येतात. भिंगाचा एफ-अंक आणि उघडझापेचा वेळ सारखा ठेवला, तर दर चौरस मिलिमीटरवर सारखाच प्रकाश पडतो. अर्थात चौपट मोठा संवेदक एकूण चौपट फोटॉन गोळा करतो आणि रवाळपणा निम्म्यावर येतो. हा फायदा खरा आहे आणि चांगलाच मोठा आहे.

पण इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. हा चौपट प्रकाश आला कुठून? संवेदक काही प्रकाश निर्माण करत नाही. एफ-अंक म्हणजे नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून आलेली संख्या. दूरच्या पक्ष्याचे सारखेच दृश्य टिपायला छोट्या कॅमेऱ्यावर ३०० मिमीचे भिंग लागते, फुलफ्रेमवर ६०० मिमीचे. दोन्ही एफ/४ ची असली, तर पहिल्याचे छिद्र ७५ मिमी व्यासाचे, दुसऱ्याचे १५० मिमीचे. व्यास दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट, म्हणून प्रकाश चौपट. तो प्रकाश आणला तो काचेने.

आणि काचेला वजन असते. ऑलिंपसचे ३०० मिमी एफ/४ भिंग सुमारे १२७० ग्रॅमचे आहे. निकॉनचे ६०० मिमी एफ/४ भिंग ३८१० ग्रॅमचे, बरोबर तिप्पट! आता उलट बाजू बघा. कॅननने २०२० मध्ये फुलफ्रेमसाठीच ६०० मिमी एफ/११ चे भिंग काढले. ते ९३० ग्रॅमचे आहे, म्हणजे ऑलिंपसच्या भिंगाहूनही हलके. त्यात वजन कमी करण्याच्या इतर युक्त्याही आहेत, पण मुख्य गोष्ट अशी की त्याचे छिद्र जेमतेम ५५ मिमीचे आहे. पक्ष्याकडून ते ७५ मिमीच्या भिंगाच्या निम्माच प्रकाश गोळा करते. तेव्हा खांद्यावर जे ओझे येते ते प्रामुख्याने छिद्राचे असते, संवेदकाचे नव्हे. फुलफ्रेम कॅमेरा घेऊन त्यावर लहान छिद्राचे स्वस्त भिंग लावले, तर जास्तीच्या पैशांचा बराचसा भाग वाया गेला असे मी म्हणेन.

याहून नाजूक मुद्दा स्पष्टतेच्या खोलीचा आहे. पावसाळ्यात आंबोलीच्या वाटेवर दिसणारा बेडूक नाकापासून पाठीपर्यंत स्पष्ट यायला हवा असेल, तर छिद्र लहान करावे लागते. छोट्या कॅमेऱ्यावर २५ मिमीचे भिंग एफ/४ वर ठेवले, तर छिद्र ६.२५ मिमीचे होते. फुलफ्रेमवर तेच दृश्य ५० मिमीच्या भिंगाने, त्याच अंतरावरून आणि तितक्याच खोलीने टिपायचे, तर छिद्र तेवढेच, ६.२५ मिमीचे ठेवावे लागते; म्हणजे एफ/८. छिद्र सारखे, वेळ सारखा, तर एकूण प्रकाशही सारखा. मग मोठ्या संवेदकाच्या चौपट फायद्याचे काय झाले? तो जवळपास संपला. कीटक, फुले, शेवाळ, स्फटिक अशा जवळून टिपायच्या विषयांत हेच घडते, आणि शाळेत काढायची बहुतेक छायाचित्रे याच जातीची असतात.

मोठा संवेदक जिंकतो तो जिथे छिद्र मोठे ठेवणे चालते आणि प्रकाश तुटपुंजा असतो तिथे: संमेलनातले नाच, रात्रीचे आकाश, दाट जंगलातले पक्षी. असे काम नित्याचे असेल आणि मोठ्या छिद्राच्या भिंगासाठीही पैसे असतील, तर फुलफ्रेम जरूर घ्यावा. शाळेसाठी मात्र मी छोटाच निवडेन आणि वाचलेल्या पैशांतून जवळून टिपणारे एक चांगले भिंग घेईन. शिवाय एक जादा बॅटरी! आरसारहित कॅमेऱ्यात दृश्य दाखवणारा पडदा सतत वीज खातो. निकॉनचा आरशाचा डी८५० प्रमाणित चाचणीत एका बॅटरीवर १८४० छायाचित्रे काढतो, तर ऑलिंपसचा ई-एम१० (चौथी आवृत्ती) सुमारे ३६०. दिवसभराच्या सहलीत हा फरक जाणवतो.

सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडायचा विचार असेल, तर आणखी एक हिशेब करावा लागतो. नेत्रिका काढून तिथे थेट कॅमेरा बसवला, तर आत पडणारी प्रतिमा साधारण १८ ते २२ मिमी व्यासाच्या चकतीएवढी असते. फुलफ्रेमचा कर्ण ४३ मिमीचा. त्यामुळे मधोमध एक उजळ वर्तुळ आणि भोवती काळोख असे चित्र येते. १७.३ × १३ मिमीच्या संवेदकाचा कर्ण २१.६ मिमी, म्हणून तो त्या चकतीत जवळजवळ चपखल बसतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकावरच्या कॅमेऱ्याचा संवेदक तर करंगळीच्या नखाएवढा आहे. वर आरसा आपटण्याचा धक्का नसतो, त्यामुळे कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींच्या कडा थरथरलेल्या येत नाहीत.