पाठीवरचे ओझे आणि रात्रीची ऊब

१९५२ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. एव्हरेस्टवर सुमारे ८,४०० मीटर उंचीवर तेनसिंग नोर्गे आणि स्विस गिर्यारोहक रेमाँ लाँबेर यांनी एका लहानशा तंबूत रात्र काढली. त्यांच्यापाशी स्लीपिंग बॅग नव्हती की स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीच्या ज्योतीवर चिमूटभर हिम वितळवून त्यांनी घसा ओला केला. दुसऱ्या दिवशी ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढले आणि तेथून परतले. पुढच्याच वर्षी तेनसिंग आणि हिलरी यांच्या अखेरच्या तंबूत स्टोव्हही होता आणि स्लीपिंग बॅगाही होत्या. गरम पेय पोटात घेऊन ते निघाले व शिखरावर पोहोचले. या यशाला इतर कारणेही होती, हे खरे. परंतु रात्रीचे अंथरूण आणि सकाळची शेगडी या क्षुल्लक बाबी नव्हेत, एवढे यावरून ध्यानात यावे.

आम्ही काही गिर्यारोहक नव्हे. आमची शाळा अर्ध्यावर सुटली आणि पुढचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. तरी हिवाळ्यात कारखान्यातील सोबती घेऊन हिमालयात जाण्याचा नाद आम्हांला लागला. पहिल्या खेपेस उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकांठ्याला गेलो. हे शिखर सुमारे ३,८०० मीटर उंच. हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. आमच्यातील एकाने भाड्याने जाडजूड स्लीपिंग बॅग आणली होती, पण खाली घातले होते नुसते प्लॅस्टिकचे कापड. गडी रात्रभर कुडकुडला. शेजारचा मात्र हलक्या बॅगेत, दोन मॅट एकावर एक टाकून, गाढ झोपला होता.

असे का व्हावे? ऊब देते ती पिसे किंवा कापूस नव्हे. त्यांत अडकलेली हवा ऊब राखते. अंगाखाली आलेला बॅगेचा भाग आपल्याच भाराने चेपतो, त्यातील हवा निघून जाते आणि गोठलेली जमीन देहाची उष्णता शोषून घेते. म्हणून आधी अंथरूण पाहावे, मग पांघरूण. धनगर घोंगडी आधी खाली टाकतो, ते उगीच नव्हे. मॅटची उष्णता अडविण्याची शक्ती 'आर' या आकड्याने सांगतात. फोमची साधी मॅट सुमारे ४०० ग्रॅमची असते व तिचा आकडा २ च्या आसपास असतो. हिमावर झोपायचे तर ५ च्या आसपास हवा. हे आकडे एकमेकांत मिळविता येतात. म्हणजे फोमच्या मॅटवर हवा भरण्याची चांगली मॅट टाकली की काम भागते.

स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचे तपमान नीट वाचावे. 'कम्फर्ट', 'लिमिट' आणि 'एक्स्ट्रीम' असे तीन आकडे असतात. विक्रेता तिसरा आकडा पुढे करतो. पण तो कसाबसा जीव वाचण्याचा आकडा आहे, झोपेचा नव्हे. आपण पहिलाच धरावा. बदकाच्या वा हंसाच्या मऊ पिसांची, म्हणजे डाऊनची, बॅग वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असते. मात्र ओली झाली की निकामी होते. कृत्रिम धाग्याची बॅग जड असते, पण ओलसर झाली तरी थोडीफार ऊब धरते, आणि ती स्वस्तही पडते.

आता शेगडी. लहान गॅसच्या डब्यात ब्यूटेन असेल तर तो शून्य अंशाच्या सुमारास वायुरूप होणेच सोडतो, आणि भरलेला डबाही पेटत नाही. आयसोब्यूटेन उणे १२ अंशांपर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो. म्हणून थंडीत या दोहोंचे मिश्रण असलेला डबा घ्यावा आणि रात्री तो स्लीपिंग बॅगेत उशाशी ठेवावा.

इंधनाचा हिशेब मजुरीच्या हिशेबासारखा काटेकोर हवा. १० अंशांचे एक लिटर झऱ्याचे पाणी १०० अंशांपर्यंत तापविण्यास ९० किलोकॅलरी लागतात. तेवढेच पाणी हिमापासून करायचे तर नुसते वितळविण्यास ८० आणि तापविण्यास १००, मिळून १८०. म्हणजे गॅस दुप्पट! वाहते पाणी मिळेल तेथेच मुक्काम करणे हीच मोठी वजनबचत. हिमच वितळवावे लागले तर भांड्याच्या तळाशी आधी थोडे पाणी घालावे. शिवाय ३,५०० मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते. तेथे डाळ शिजत नाही, गॅस मात्र संपतो. घरून भाजलेल्या रव्याचे उपम्याचे मिश्रण, पोहे, मेतकूट न्यावे. एक पातेले, एक झाकण, एक चमचा, पुरे.

एक गोष्ट बजावून सांगतो. थंडी वाजते म्हणून बंद तंबूत शेगडी पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही.

हे सारे हलके कशासाठी करायचे? त्या पहिल्या खेपेस आम्ही निम्मे सामान एका हमालाच्या पाठीवर टाकले होते. संध्याकाळी तो बोजा ताणकाट्याला लावला, तेव्हा आमची मान खाली गेली. त्यात तीन पातेली, प्रेशर कुकर आणि एकदाही न उघडलेल्या रजया होत्या. कारखान्याच्या दारात आम्ही ओझ्यावर भाषणे देत आलो. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने माणसाने वाहावयाच्या ओझ्याबद्दल करार केला व सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा घातली, हेही आम्हांला पाठ होते. पण तो आकडा म्हणजे विरळ हवेत, बर्फाच्या चढावर कुणाची पाठ वाकविण्याचा परवाना नव्हे. दुसऱ्याच्या पाठीवर ढकललेले ओझे कमी झालेले नसते. ते फक्त आपल्याला दिसेनासे झालेले असते.

तेव्हापासून निघण्यापूर्वी आम्ही प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवतो आणि दोनच प्रश्न विचारतो: ही रात्री ऊब देईल काय, की सकाळी पोटात काही गरम घालील? दोहोंचे उत्तर 'नाही' आले, तर ती वस्तू घरीच राहते. जे उरते, ते आपल्याच पाठीवर न्यावे. आणि हमाल घेतलाच, तर त्याच्या अंगाखालीही दोन मॅट आहेत ना, हे पाहिल्यावाचून आपण झोपू नये.