माळावरच्या खोलीत वीज

रानात स्वतः बांधलेल्या खोलीपासून विजेचा खांब लांब असेल, तर आधी महावितरणकडून खांब-तारांच्या खर्चाचा अंदाज घ्यावा. तो ऐकूनच बरेच जण सौरऊर्जेकडे वळतात. मग हिशेब रात्रीचा करायचा. 30 वॅटचा पंखा 10 तास चालला की 300 वॅट-तास, 9 वॅटचे 4 दिवे 5 तास जळले की 180, एकूण 480. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 1800 वॅट-तास मावतात खरे, पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. हाती उरतात 900, म्हणजे दोन रात्रीही पुरत नाहीत. कोकणातल्या आषाढात याहून मोठी बॅटरी लागणार. गिझर, इस्त्री विसराच. पॅनेल दक्षिणेकडे कलते, आंब्याच्या सावलीपासून दूर बसवा. आणि बॅटरीलगत फ्यूज हवाच.