दिव्यातील ऊन : पाळीव कासव आणि जंबुपार किरण

लंडनमधील एखाद्या घरात खिडकीपाशी ठेवलेल्या पेटीत हर्मन जातीच्या कासवाचे पिल्लू वाढत आहे, अशी कल्पना करा. पेटी उबदार आहे, कोवळा पाला वेळेवर मिळतो आणि काचेतून स्वच्छ ऊनही आत येते. तरीही काही महिन्यांनी त्याचे कवच बोटाने दाबले असता दबू लागते आणि पिल्लाला चालणे जड जाते. उणीव असते ती उन्हातील एका अदृश्य भागाची.

सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगापलीकडे जे किरण असतात त्यांना जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतात. त्यांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण ‘ब’ गटात मोडतात. हे किरण त्वचेवर पडले म्हणजे तेथील एका द्रव्यापासून ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते व शरीराच्या उबेने त्याचे ड जीवनसत्त्व बनते. यकृत आणि मूत्रपिंडे त्याला कार्यक्षम रूप देतात. मगच अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात पुरेसे शोषले जाते. कासवाचे कवच मूलतः हाडांचेच असल्यामुळे कॅल्शियम अपुरे पडले की ते मऊ व वेडेवाकडे होते. वाढीच्या वयात आलेले असे व्यंग बहुधा जन्मभर राहते.

मुलांच्या मुडदुसाशी या रोगाचे जवळचे नाते आहे. १९१९ साली बर्लिनमधील डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले पाऱ्याच्या बाष्पाच्या दिव्याखाली बरी करून दाखविली. कासवासाठी दिवा लावताना आपण तोच उपाय योजतो.

खिडकीची साधी काच ‘ब’ किरण जवळजवळ सर्वच अडविते. शिवाय हर्मन कासव हे दक्षिण युरोपातील उन्हाळ प्रदेशाचे रहिवासी; ब्रिटनच्या हिवाळी उन्हात हे किरण फारच क्षीण असतात. म्हणून घरात वाढणाऱ्या पिल्लाला खास दिवा लागतो. साधा विजेचा दिवा प्रकाश व उष्णता देतो, पण ‘ब’ किरण देत नाही.

या कामाचे दिवे मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. लांब नळीचा दिवा आपले किरण बऱ्याच मोठ्या जागेवर पसरवितो. त्याच्या शेजारी उष्णतेचा दिवा निराळा लावावा लागतो. पाऱ्याच्या बाष्पाचा दिवा उष्णता व किरण दोन्ही देतो, परंतु त्याचा झोत आटोपशीर वर्तुळात पडतो आणि उष्णता कमीजास्त करता येत नाही. लहान पेटीसाठी म्हणून नळी अधिक सोयीची.

वेष्टनावरील टक्क्यांचा आकडा मात्र निर्णायक मानू नये. कवचाच्या उंचीवर प्रत्यक्ष किती किरण पोहोचतात, हाच खरा प्रश्न होय. ते जंबुपार निर्देशांकाने मोजतात व त्यासाठी हातात धरण्याजोगे मापक मिळते. सरपटणारे प्राणी निसर्गात किती किरण अंगावर घेतात हे मोजून फर्ग्युसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली चार पट्टे ठरविले. हर्मन कासव तिसऱ्या पट्ट्यात धरले जाते; त्यात ऊन खाण्याच्या जागेचा सर्वोच्च निर्देशांक २.९ ते ७.४ असतो. पेटीचे दुसरे टोक मात्र सावलीत असावे, म्हणजे प्राणी आपली मात्रा आपणच ठरवितो.

दिवा नेहमी डोक्यावर असावा. बाजूने आलेले किरण डोळ्यांना अपाय करतात. मधे काच ठेवू नये. तारेची जाळीही किरणांचा बराच अंश अडविते. अंतर वाढले की मात्रा झपाट्याने घटते. दिवा जुना झाला की प्रकाश तसाच दिसतो, पण किरण ओसरत जातात. म्हणून अधूनमधून मोजणी करावी आणि मापक नसल्यास निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत दिवा बदलावा.

आपल्या देशातील तारका कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून ते घरी पाळणे गुन्हा आहे. तस्करांकडून सोडविलेली कासवे सांभाळणाऱ्या केंद्रांना मात्र हे ज्ञान उपयोगी आहे. तेथेही पहिली पसंती मोकळ्या अंगणातील उन्हाला व सावलीला द्यावी. दिवा हा केवळ त्याचा पर्याय आहे.