चार्जरवर ‘साठ किलोवॅट’ लिहिलेले असते, गाडी मात्र तेवढे घेत का नाही?

धुळे–सोलापूर महामार्गावर छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघाले की गोदावरीच्या पुलाअलीकडे शहागड लागते. पूल ओलांडला की जालना जिल्हा संपतो आणि बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका सुरू होतो. संभाजीनगर ते बीड हे अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमधले अनेक तरुण ड्रायव्हिंगवर पोट भरतात. कुणी दुसऱ्याची गाडी चालवतो, कुणी शाळेची व्हॅन, कुणी लग्नसराईत भाड्याने जातो. आता त्यांच्यापुढे नवा प्रश्न आहे, कर्ज काढून विजेवरची गाडी घ्यावी का? आमच्याशी बोलताना ते सगळ्यात आधी विचारतात, ‘रस्त्यात चार्जिंगला किती वेळ जातो?’

शोरूममध्ये याचे उत्तर एका आकड्यात मिळते आणि तिथेच फसगत सुरू होते. म्हणून हा आकडा नेमका काय सांगतो ते समजून घेऊ.

बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवरमध्ये सांगतात. हे म्हणजे आपल्या लाइटबिलातले युनिट. २४ किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे २४ युनिट वीज मावणारी टाकी. किलोवॅट हा त्या टाकीत वीज भरण्याचा वेग. ६० किलोवॅटचा चार्जर तासाला ६० युनिट देऊ शकतो. मग २४ युनिटची गाडी २४ मिनिटांत भरायला हवी, असा हिशेब कुणीही करेल. पण तसे होत नाही.

टाटा टियागो ईव्हीचे उदाहरण घ्या. २४ युनिटच्या बॅटरीसाठी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायला फास्ट चार्जरवर जवळपास एक तास लागतो, असे कंपनीच सांगते. म्हणजे तासात १७ युनिटही भरली नाहीत. सरासरी वेग झाला १७ किलोवॅट. ४०.५ युनिटच्या नेक्सॉनसाठी कंपनीने ५० किलोवॅटच्या चार्जरवर ५६ मिनिटे सांगितली होती, तिची सरासरी येते ३० किलोवॅट. दुसऱ्या टोकाला महिंद्राची नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली बीई ६ आहे. ७९ युनिटची बॅटरी २० ते ८० टक्के २० मिनिटांत, असा कंपनीचा दावा आहे, म्हणजे सरासरी १४० किलोवॅटच्या पुढे. पण त्यासाठी चार्जरही पावणेदोनशे किलोवॅटच्या आसपासचा लागतो. हीच गाडी ६० च्या चार्जरला लावली तर तेवढ्याच विजेला पाऊण तासाहून जास्त वेळ जाणार.

थोडक्यात, गाडी आणि चार्जर यांत ज्याचा आकडा लहान, त्याचा हुकूम चालतो. छोट्या बॅटरीच्या गाडीला १२० किलोवॅटचा चार्जर मिळाला तरी ती आपल्या वेगानेच घेणार. ‘इथे मोठा चार्जर आहे’ म्हणून दहा किलोमीटर वाकडी वाट करणाऱ्या टियागोवाल्याच्या हाती काही लागत नाही.

आता बॅटरी एवढी हात का आखडते? लिथियम बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे कण एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. रिकामी एसटी स्टँडवर लागते तेव्हा पहिली वीस माणसे धडाधड बसतात, शेवटच्या पाच जणांना मात्र जागा शोधत, सामान ओलांडत मागे जावे लागते. ग्रॅफाइटचेही तसेच आहे. भरत आलेल्या बॅटरीत वीज जोराने ढकलली तर लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते. ते बॅटरीचे आयुष्य खाते आणि फार साचले तर आत शॉर्टसर्किटचा धोका असतो. म्हणून गाडीतली यंत्रणा ८० टक्क्यांच्या आसपास वेग उतरवत नेते. शेवटच्या २० टक्क्यांना लागणारा वेळ बघून अनेकांना वाटते की चार्जर बिघडला. तो बिघडलेला नसतो.

तापमानाचाही यात मोठा वाटा आहे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो. तासभर महामार्गावर पळालेली बॅटरी आधीच गरम असते, त्यात फास्ट चार्जिंग आणखी उष्णता निर्माण करते. यंत्रणा बॅटरी वाचवण्यासाठी वेग कमी करते. उलट डिसेंबरातल्या पहाटे रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी थंड बॅटरीमुळे सुरुवातीला हळू घेते. कंपनीचा आकडा अनुकूल तापमानातला असतो, दुपारच्या शहागडचा नसतो.

चार्जरच्या बाजूनेही गोम असते. एका यंत्राला दोन गन असतील तर बऱ्याच ठिकाणी दुसरी गाडी लागली की ६० चे ३०-३० होतात. शिवाय वेग म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. चार्जरची मर्यादा १५० अँपिअर असेल आणि तुमच्या गाडीची बॅटरी ३२० व्होल्टची असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, ४८ किलोवॅटच्या वर जाता येणार नाही.

आणि आता विजेच्या तारेकडे बघू. ६० किलोवॅट म्हणजे किती? पाच एचपीची शेतातली मोटार सुमारे ३.७ किलोवॅट घेते. म्हणजे एक चार्जर पूर्ण चालतो तेव्हा अशा सोळा मोटारी एकदम सुरू असल्यासारखे होते. गावातली ६३ केव्हीएची डीपी एका चार्जरनेच जवळपास भरून जाते. डीपी जळाली की ती बदलून मिळेपर्यंत गावाचे काय हाल होतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून महामार्गावरच्या मोठ्या चार्जरला स्वतंत्र डीपी आणि भक्कम लाइन लागते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरले आहे. आमच्या मते खरा प्रश्न २५ किलोमीटरचा नाही, त्या जागी तेवढी वीज दिवसभर टिकते का, हा आहे.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा त्यांच्या खात्याचा विषय होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविकासाच्या धोरण समितीसमोर त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची मांडणी केली, ती गरिबीतून बाहेर पडण्याच्या मार्गाशी जोडून. आज त्याच कसोटीवर चार्जिंगचा दर बघावा लागतो.

सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपये धरू. १७ युनिटचे ३४० रुपये, आणि त्यात छोटी गाडी सुमारे १२० किलोमीटर जाते. चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, तो दरात धरलेला आहे की वरून लागतो हे आधी विचारावे. पेट्रोलच्या गाडीला तेवढ्याच अंतराला साडेसहा-सात लिटर लागतात, म्हणजे सातशेच्या आसपास. फायदा आहेच. पण खरी बचत घरी चार्ज करणाऱ्याची होते. ३.३ किलोवॅटच्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात छोटी गाडी भरते. त्यासाठी मात्र दारात गाडी लावायला जागा हवी, नीट अर्थिंग हवे, मीटरचा मंजूर भार पुरेसा हवा. आपल्या वस्त्यांत बोळ सहा फुटांचा, मीटर आजोबांच्या नावावर, आणि घर गायरानावर असेल तर कागदांचाच पत्ता नसतो. बंगलेवाला घरी स्वस्तात भरणार आणि वस्तीतला ड्रायव्हर रोज महाग फास्ट चार्जरवर रांग लावणार. रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याला महिन्याला चारशेच्या वर युनिट लागतात. ती घरच्या मीटरवर घेतली तर बिलाचा स्लॅबही वर चढतो, हेही हिशेबात धरा.

यावर एक उपाय वस्तीतच आहे. समाजमंदिराच्या किंवा बुद्धविहाराच्या आवारात, रीतसर स्वतंत्र मीटर घेऊन, ३.३ किंवा ७ किलोवॅटचे दोन-तीन साधे पॉइंट. रात्री उभ्या असलेल्या गाडीला घाई नसते, तिथे फास्ट चार्जर हवाच कशाला? २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले आहे की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे वेगळा वीज परवाना लागत नाही. महामार्गालगत ज्यांची जागा आहे त्यांनी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीज भांडवल योजनेची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी. पण १२० किलोवॅटच्या मोहात पडू नये. यंत्र महाग, मंजूर भाराचा स्थिर आकार दर महिन्याला, आणि येणाऱ्या बहुतेक गाड्या तीसच्या आसपास घेणाऱ्या.

गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्ये ‘कमाल किती’ हे न विचारता, १० ते ८० टक्क्यांना किती मिनिटे आणि कोणत्या चार्जरवर, हे विचारावे. त्या अंतरातली युनिट काढून मिनिटांनी भागावीत आणि साठने गुणावे, सरासरी वेग हातात येतो. रस्त्यातही १०० टक्क्यांचा हट्ट नको. शहागडहून बीड साधारण ५० किलोमीटर. युनिटला सात किलोमीटर धरले तर सात-आठ युनिट पुरतात, वर थोडी शिल्लक म्हणून दहा. टियागोसारखी गाडी तेवढे पस्तीस-चाळीस मिनिटांत घेते. तेवढ्यात चहा, जेवण उरकते. पुढची चार्जिंग बीडला, प्रवासी उतरल्यावर.