भालचंद्र नेमाडे : थोडक्यात

• जन्म १९३८, सांगवी (खानदेश). पेशा इंग्रजीच्या अध्यापनाचा, लेखन मराठीत.

• 'कोसला' (१९६३) : पहिली कादंबरी, वय पंचविशीचे. निवेदक पांडुरंग सांगवीकर, खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला.

• 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' : चारही कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील. तो 'कोसला'तला नव्हे.

• 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) : नायक खंडेराव, पुरातत्त्वाचा अभ्यासक.

• कवितासंग्रह : 'मेलडी', 'देखणी'.

• देशीवाद : साहित्याची मुळे आणि निकष आपल्याच भूमीत शोधावेत, ही समीक्षेतली भूमिका.

• साहित्य अकादमी पुरस्कार कादंबरीला नव्हे, 'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथाला (१९९१).

• पद्मश्री २०११. ज्ञानपीठ २०१४, खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा यांच्यानंतर हा मान मिळालेले चौथे मराठी लेखक.