गुहा न सोडणारा मासा

कोकणात आपण ज्यांना हेकरू, गोबरा म्हणतो, त्यांचा एक थोराड भाऊबंद ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स किनाऱ्यावरील समशीतोष्ण पाण्यात, खडकांच्या कपारीत राहतो. त्याचे नाव ब्लॅक रॉककॉड. लांबी दोन मीटरपर्यंत, वजन ऐंशी किलोपर्यंत. १९८३ पासून तेथे त्याला कायद्याचे संरक्षण आहे. तरीही तो आजही असुरक्षित प्रजातींच्या यादीत आहे. असे का, याचा शोध घेताना मला उत्तर सापडले ते त्याच्या जीवनक्रमातच.

हा मासा आधी मादी असतो. अनेक वर्षांनी, लांबी साधारण एक मीटर झाली की, त्याचा नर होतो. गेल्या शतकाच्या मध्यात भालाधारी पाणबुड्यांनी सर्वांत मोठे मासे टिपले, म्हणजे नेमके नरच टिपले. त्यात तो एकच गुहा धरून वर्षानुवर्षे राहणारा. शिकाऱ्याला त्याचा पत्ता ठाऊकच असे.

आता भाला थांबला, पण दुसऱ्याच माशासाठी टाकलेल्या गळाला तो लागतो. खोल पाण्यातून झटकन वर ओढला की दाब उतरून त्याची हवेची पिशवी फुगते. परत सोडला तरी तो वाचेलच असे नाही.

मला वाटते, कायद्याने शिकार थांबवता येते, पण गेलेली वर्षे भरून देता येत नाहीत. किनाऱ्यावरच्या खडकांतील डबक्यात आज वाढणारे पिल्लू नर होईपर्यंत आपल्याला धीर धरावाच लागेल.